जुन्या व्हॅनचे कूलंट पाइप कोणते घ्यावेत, कसे बसवावेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली बरीचशी उदाहरणं मारुती ओम्नीची आहेत, कारण प्रश्नही तिच्याच मालकांचे जास्त येतात. २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं, म्हणजे आज रस्त्यावर असलेली प्रत्येक ओम्नी आता जुनी व्हॅन झाली. मापं, धातू आणि क्लिपा यांचे नियम मात्र ईको, व्हर्सा, ट्रॅव्हलर सगळ्यांना सारखेच लागू आहेत.

१. व्हॅनमध्ये कूलंटचे पाइप कुठे कुठे असतात? कारपेक्षा वेगळं काय?

ओम्नी, व्हर्सा आणि ईकोमध्ये इंजिन पुढच्या सीटखाली असतं आणि रेडिएटर गाडीच्या नाकाशी. त्यामुळे पाण्याला (म्हणजे कूलंटला) बॉनेटवाल्या कारपेक्षा लांबचा प्रवास पडतो, वाटेत वळणंही जास्त. वरचा होज (रबरी पाइप) इंजिनातलं गरम पाणी रेडिएटरकडे नेतो आणि खालचा होज थंड झालेलं पाणी वॉटर पंपाकडे आणतो. त्याशिवाय रेडिएटर टाळून पाणी इंजिनातच फिरवणारा छोटा बायपास असतो. हीटर, थ्रॉटल बॉडी किंवा गॅस किट असेल तर त्यांच्या बारीक नळ्या असतात, आणि रिझर्व्ह टाकीची एक नळी. काही गाड्यांत रबराच्या दोन तुकड्यांमध्ये लोखंडी पाइप येतो. सीट उचलून, बॅटरीवर चालणारा दिवा आत धरून हे सगळं एकदा मोबाइलवर टिपून ठेवा. दुकानात तोंडी वर्णन करण्यापेक्षा फोटो दाखवलेला बरा.

२. पाइप वरून चकाचक दिसतो. तरी मेकॅनिक बदला म्हणतो. खरं की धंदा?

बरेचदा खरं. कूलंटचा रबरी होज आतून मरतो. धातूची तोटी (जिच्यावर पाइप चढतो ती), कूलंट आणि काजळी मिसळलेलं रबर यांची मिळून एक छोटी बॅटरीच तयार होते आणि रबराला आतून लांबीच्या दिशेने बारीक भेगा पडतात. त्या भेगांतून कूलंट धाग्यांच्या थरापर्यंत पोचतं, धागा कुजतो आणि एक दिवस घाटात पाइप उभा चिरतो.

परीक्षा सोपी आहे. इंजिन पूर्ण थंड असताना तोटीपासून २५ ते ५० मिलिमीटरच्या पट्ट्यात अंगठा आणि तर्जनीने पाइप दाबा, मग तसाच मधोमध दाबा. टोकाशी तो मधल्यापेक्षा मऊ लागला, किंवा आत खाच असल्यासारखी रबराची दोन टोकं एकमेकांवर सरकली, तर तो पाइप गेला. काढलेला जुना पाइप ब्लेडने उभा फाडून पाहाच. बाहेर गुळगुळीत काळं रबर आणि आत तोटीच्या कडेला, केसाने ओढाव्यात तशा चार-सहा समांतर रेघा. नखाने उघडल्या की आतला पांढरा धागा दिसतो.

बाकीच्या खुणा डोळ्यांना दिसतात: टोकाला फुगवटा, क्लिपेजवळ वाळलेल्या कूलंटची हिरवी-गुलाबी पुटं, वाळक्या लाकडासारखा कडकपणा. हाताला चिकट आणि मऊ लागणारा पाइप बहुधा इंजिन ऑइलने भिजलेला असतो. तिथे आधी ऑइलची गळती थांबवा, नाहीतर नवा पाइपही वर्षभरात तसाच होईल.

३. एकच फुटला, एकच बदलला तर चालेल का?

चालेल, पण तो शेवटचा नसेल. सगळे एकाच वयाचे आणि एकाच पाण्यात भिजलेले असतात. कूलंट काढायचंच आहे तर वरचा, खालचा आणि बायपास असा संच आणि सगळ्या क्लिपा एकत्र बदला. बायपास स्वस्त असतो, पण त्याच्यापर्यंत हात पोचायला सगळ्यात जास्त त्रास होतो. तो ‘नंतर बघू’ म्हणून सोडणं ही सर्वांत महागडी काटकसर. फुटला नसला तरी ४–५ वर्षांनी संच बदलावा.

४. माप कसं घ्यायचं? जुना पाइप मोजला तर?

जुना पाइप मोजू नका, तो फुगलेला किंवा आकसलेला असतो. माप धातूच्या तोटीचं घ्या. व्हर्निअरने, तोटीच्या टोकाचा उंचवटा सोडून मागच्या सपाट भागाचा बाहेरचा व्यास मोजा. पाइपचा आतला व्यास तेवढाच किंवा जास्तीत जास्त १ मिलिमीटर कमी हवा. मोठा पाइप क्लिपेने आवळून बसवला की रबराला सुरकुती पडते आणि पाणी बरोबर त्या सुरकुतीतून वाट काढतं.

दुकानातली भाषा इंच आणि सुताची असते. ८ सूत म्हणजे एक इंच. बारीक हीटर पाइपला ‘पाच सुती’ म्हणतात, म्हणजे १६ मिलिमीटर. एक इंच २५, सव्वा इंच ३२, दीड इंच ३८. तोटी ३० मिलिमीटरची असेल तर ‘सव्वा इंची चालून जाईल’ हा सल्ला नाकारा. पाइपची दोन टोकं वेगवेगळ्या व्यासाची असू शकतात, म्हणून चारही तोट्या स्वतंत्र मोजा. लांबी जुन्या पाइपवर बाहेरच्या वळणाने दोरी लावून घ्या. प्रत्येक टोकाला २५ ते ३० मिलिमीटर पाइप तोटीवर चढायला हवा.

५. दुकानदार विचारतो ‘मोल्डेड पाहिजे की मीटरवरचा?’ काय सांगू?

वरचा आणि खालचा होज मोल्डेडच, म्हणजे साच्यातूनच वळण घेऊन आलेला. सरळ पाइप वाकवून बसवला की वळणाच्या आतल्या बाजूला तो चपटा होतो, पाण्याची वाट अर्धी होते आणि गाडी चढावर तापते. मीटरवर कापून मिळणारा पाइप सरळ जोडासाठी आणि मोठ्या, सैल वळणाच्या बारीक हीटर लाइनसाठी ठीक आहे.

तुमच्या वर्षाचा मोल्डेड पाइप मिळत नसेल तर जुना पाइप सोबत नेऊन दुसऱ्या गाडीचा जुळणारा शोधता येतो. पुण्यात नाना पेठेतले जुने दुकानदार आकार बघून हात थेट कपाटात घालतात. लांब पाइप कापून घेतला तरी हरकत नाही, कोन मात्र जुळायला हवा. कार्ब्युरेटरच्या आणि एमपीएफआय (इंजेक्शनने पेट्रोल देणाऱ्या) ओम्नीचे पाइप एकच आहेत असं गृहीत धरू नका.

आणखी एक गोष्ट. डिझेल-पेट्रोलचा पाइप कूलंटला किंवा कूलंटचा पाइप इंधनाला कधीही नको. कूलंट होजचं ईपीडीएम रबर पेट्रोल लागलं की फुगून सडतं, आणि ती आगीला दिलेली निमंत्रणपत्रिका ठरते.

६. रबर की सिलिकॉन?

रोजच्या वापराच्या ओम्नीला चांगला ईपीडीएम रबर पुरेसा आहे. तो सुमारे १२५ अंश सेल्सिअस सहज सोसतो आणि निरोगी इंजिनाचं पाणी त्याच्या बरंच खाली असतं. सिलिकॉन १७० अंशांच्या पुढेही टिकतं, कडक होत नाही, दिसायलाही छान. पण त्याचे तीन दोष कुणी सांगत नाही. ऑइल आणि पेट्रोल त्याला अजिबात सोसत नाही. त्याच्यातून पाण्याची वाफ थोडी थोडी झिरपते, म्हणून टाकीतली पातळी वरचेवर बघावी लागते. आणि खाचांची साधी क्लिप त्याला कापते.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डला (इंजिनाचा तापलेला धूर बाहेर नेणाऱ्या भागाला) लागून जाणारा तुकडा असेल तर तिथे सिलिकॉनला अर्थ आहे. त्याआधी पाइप आणि मॅनिफोल्डमध्ये किमान २५ मिलिमीटर अंतर पाडता येतं का बघा, ते फुकटात होतं. सिलिकॉन घेतलंच तर कापलेल्या टोकाला कापडाचे तीन-चार थर मोजा. थर नसलेली निळी नळी ही नुसती निळी नळी असते.

७. दुकानात चांगला पाइप कसा ओळखायचा?

टोकाकडे बघा. रबराच्या दोन थरांमध्ये धाग्याची जाळी पूर्ण गोल आणि मध्यभागी हवी. जाळी एका बाजूला सरकलेली असेल तर भिंत कमी-जास्त जाडीची आहे आणि पातळ बाजू आधी फुगणार. अंगावर छापलेली उत्पादनाची तारीख शोधा. पाच-सात वर्षं कपाटात पडलेला ‘ओरिजिनल’ घेण्यापेक्षा सहा महिन्यांपूर्वीचा चांगल्या कंपनीचा घ्यावा. पाइप दाबून सोडा, तो लगेच गोल व्हायला हवा. हाताला काळं लागत असेल तर खाली ठेवा.

८. मधला लोखंडी पाइप सडला आहे. कशाचा बनवून घेऊ?

तयार मिळाला तर तोच लावा. नाही मिळाला तर स्टेनलेस ३०४, भिंत १.२ ते १.५ मिलिमीटर. २०२ ग्रेड स्वस्त पडतो, पण गंजाला कमी टिकतो. बाजारात ही नळी २५.४, ३१.८ आणि ३८.१ मिलिमीटर बाहेरच्या व्यासात मिळते, तेव्हा आधी होजचं माप जुळवा (प्रश्न ४). कोल्हापूरच्या उद्यमनगरसारख्या ठिकाणी हे काम अर्ध्या दिवसाचं आहे, पण कारागिराला चार गोष्टी स्पष्ट सांगाव्या लागतात.

पहिली, जुना पाइप नमुना म्हणून द्या आणि नवा गाडीत नीट बसेपर्यंत तो मोडीत टाकू नका. दुसरी, वळण मशीनवर डाय लावून हवं, वाळू भरून गॅसवर तापवून नको. वळणाची त्रिज्या पाइपच्या व्यासाच्या दीडपट तरी असावी. तिसरी, दोन्ही टोकांना दीड-दोन मिलिमीटरचा गोल उंचवटा पाहिजे. हा उंचवटा नसेल तर दाब आला की होज क्लिपेसकट मागे सरकतो. रोलिंगची सोय नसेल तर टोकापासून ५ मिलिमीटर आत वेल्डिंगची एक बारीक रिंग फिरवून ती कानसीने गुळगुळीत करून घ्यावी. चौथी, जोड आर्गन वेल्डिंगने. साध्या आर्क वेल्डिंगचे आत राहिलेले मणी सुटून रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतात. बसवण्याआधी पाइपचं एक तोंड बंद करून पाणी भरा आणि रात्रभर उभा ठेवा.

जुन्या पाइपवर ब्रॅकेट असेल तर नव्यावरही हवंच. आधार नसलेला पाइप इंजिनाच्या थरथरीने स्वतःच्याच जोडावर तुटतो.

९. प्लंबरचा जीआय, सीपीव्हीसी किंवा तांब्याचा पाइप चालेल का?

जीआय नको. त्यावरचा जस्ताचा थर कूलंटशी रासायनिक क्रिया करून गाळ बनवतो. शिवाय प्लंबरचा ‘एक इंची’ पाइप बाहेरून ३३ ते ३४ मिलिमीटर भरतो, तो एक इंची होजमध्ये जातच नाही. सीपीव्हीसी ९३ अंशांच्या आसपासच त्याच्या मर्यादेला पोचतो आणि तेव्हा दाब सोसायची ताकद खूपच कमी झालेली असते. घरच्या गीझरला तो बरा. बागेची पारदर्शक नळी तर पहिल्याच चढाला शेवयांसारखी मऊ पडेल. तांबं उष्णतेला उत्तम, पण अॅल्युमिनियमचं हेड किंवा रेडिएटर आणि तांबं एकाच पाण्यात आलं की कूलंट कमजोर झाल्याबरोबर अॅल्युमिनियम झिजू लागतं.

१०. क्लिप कोणती आणि किती आवळायची?

स्क्रूची क्लिप घेत असाल तर १२ मिलिमीटर रुंदीची, पट्टी आणि स्क्रू दोन्ही स्टेनलेस. ३२ मिलिमीटर आतल्या व्यासाचा होज बाहेरून ४० ते ४२ भरतो, त्याला ३२–५० मापाची क्लिप बसते. तारेची क्लिप एका रेषेत दाबते, ती मोठ्या होजला लावू नका. मूळ गाडीला कानांची स्प्रिंग क्लिप असेल आणि तिचा ताण शाबूत असेल तर तीच परत वापरा. रबर गरम-थंड होताना ती स्वतःहून जुळवून घेते, स्क्रूची क्लिप घेत नाही. सिलिकॉनला आतून गुळगुळीत पट्टी असलेली क्लिप लागते.

क्लिप उंचवट्याच्या मागे ३ ते ५ मिलिमीटरवर बसवा. उंचवट्यावर नको आणि होजच्या अगदी काठावरही नको. रबर पट्टीच्या कडेने किंचित वर आलं की थांबा. खाचांतून रबर बाहेर डोकावत असेल तर जास्त झालं. १०० किलोमीटर चालवून, इंजिन थंड झाल्यावर, सगळ्या स्क्रू क्लिपा पुन्हा एकदा तपासा. नवं रबर पहिल्या तापण्यात थोडं बसतं.

११. घरी बदलायचा क्रम काय?

इंजिन थंड. गरम असताना रेडिएटरची कॅप उघडू नका, आतलं पाणी शंभर अंशांच्या वर असू शकतं आणि कॅप सुटताक्षणी वाफ होऊन अंगावर येतं. बादली लावून कूलंट सोडा आणि निघालेलं लिटरमध्ये मोजा, परत तेवढं भरलं गेलं की आत हवा नाही हे कळतं. बादली उघडी ठेवू नका. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल गोडसर आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात.

जुना होज गोल पिळून सैल करा. निघत नसेल तर ब्लेडने उभा चिरा, स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका. जुन्या पितळी रेडिएटरची तोटी डाख सुटून हातात येते आणि नव्या प्लास्टिक टाकीची तडकते. मग खरं काम: तोटीवरची पांढरी भुकटी आणि चिकटलेलं रबर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने पूर्ण काढायचं, गोल फिरवत, उभे ओरखडे न पाडता. खोल खड्डे असतील तर तो भागच बदला. कितीही चांगला होज खड्ड्यावर गळतोच. क्लिपा आधी होजवर चढवून ठेवा, तोटीला कूलंट किंवा साबणाचं पाणी लावा आणि होज पिळत चढवा. ग्रीस, ऑइल, गम किंवा सुतळी काहीही नको. इंजिन माउंटवर हलतं, त्यामुळे होज ताणलेला राहता कामा नये.

१२. पाइप बदलल्यापासून गाडी जास्त तापते. असं कसं?

आत हवा अडकली आहे. रेडिएटर नाकाशी आणि इंजिन मागे असल्याने सपाट जमिनीवर भरताना हवा वरच्या वळणात बसून राहते. गाडीचं तोंड चढाकडे करून उभी करा, म्हणजे भरायचं तोंड सगळ्यात उंच होईल. मागच्या चाकांना दगड लावा. हीटर असेल तर पूर्ण गरमवर ठेवा, हवा काढायचा स्क्रू असेल तर सैल करा. हळूहळू भरा, मध्ये मध्ये वरचा होज हाताने दाबत राहा. कॅप उघडी ठेवून इंजिन सुरू करा, बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा, मग कॅप लावा आणि फॅन दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत चालू द्या. खालचा होजही गरम झाला पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी, थंड असताना, पातळी परत बघा.

१३. नवा होजही सुटतो किंवा फुगतो. माल खराब आहे का?

क्वचित. कॅपवर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाब किलोमध्ये (दर चौरस सेंटिमीटरला) आहे. ०.९ च्या कॅपला ‘जास्त चांगली’ म्हणून १.१ लावली की सगळ्यात कमजोर जोड सुटतो. कॅप बरोबर असेल तर थंड इंजिन सुरू करून वरचा होज हातात धरा. पाणी गरम व्हायच्या आतच, मिनिट-दोन मिनिटांत तो दगडासारखा कडक झाला तर हेड गॅस्केटमधून (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांमधल्या सीलमधून) सिलिंडरचा दाब पाण्यात येतो आहे. होज बदलून ते थांबणार नाही.

होज वर्षभरातच आतून चिरत असेल तर अर्थिंग तपासा. मल्टिमीटरची काळी तार बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल तार कॅपच्या तोंडातून कूलंटमध्ये, धातूला न लावता. दिवे आणि फॅन चालू करून ०.३ व्होल्टच्या वर आकडा गेला तर इंजिन-बॉडीची अर्थ तार साफ करून घट्ट करा आणि कूलंट बदला.

१४. खालचा होज चपटा होतो.

गाडी थंड झाल्यावर होत असेल तर कॅपमधली परतीची छोटी झडप अडकली आहे किंवा रिझर्व्ह टाकीची नळी चोंदली आहे. रेस दिल्यावर होत असेल तर पंप ओढतो आहे आणि होज मऊ पडला आहे. काही गाड्यांच्या खालच्या होजमध्ये यासाठीच आत स्प्रिंग असते. जुन्यात असेल तर नव्यातही हवी, गंजलेली जुनी काढून घालू नका.

१५. गॅस किट आहे. त्याच्या पाण्याच्या नळ्यांचं काय?

याच नळ्या सगळे विसरतात. एलपीजीचं व्हेपोरायझर आणि सीएनजीचा रिड्युसर गरम पाण्यावर चालतात. पाणी थांबलं की बाहेरून बर्फासारखं दव धरतं आणि गाडी आचके देत बंद पडते. नळी ईपीडीएमची हीटर होजच घ्या, टी-जोड पितळी किंवा काचेचे तंतू मिसळलेल्या नायलॉनचा. जोडणी अशा जागी हवी की थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडचं पाणी अडवणारी झडप) बंद असतानाही पाणी फिरेल, आणि रिड्युसर रेडिएटरच्या कॅपपेक्षा खाली हवा. कॅपपेक्षा वर बसवला तर हवा त्यातच साठते (प्रश्न १२).

१६. आपल्याकडे बर्फ पडत नाही. साधं पाणी चालणार नाही का?

बर्फासाठी नाही, गंजासाठी कूलंट घालायचं. एक तृतीयांशापेक्षा कमी प्रमाणात ते गंज थांबवत नाही. अर्धं-अर्धं हे सुरक्षित प्रमाण, आणि मिसळायला डिस्टिल्ड पाणी. बोअरच्या जड पाण्याचा क्षार तोट्यांवर आणि रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. ‘रेडी टू यूज’ लिहिलेलं असेल तर त्यात पाणी घालू नका. महाबळेश्वरच्या उंचीवर साधं पाणी ९५–९६ अंशांना उकळतं, म्हणून कॅप सैल असलेल्या गाड्या पसरणी घाट चढून वर आल्या की धापा टाकतात.

१७. रस्त्यात पाइप फुटला तर?

भेग टोकाला असेल आणि लांबी पुरत असेल तर तेवढा भाग कापून परत चढवा. मधे असेल तर पाइप पुसून कोरडा करा आणि आपोआप चिकटणारी सिलिकॉन टेप, नाहीतर सायकलच्या ट्यूबची पट्टी, ताणून सात-आठ वेढे गुंडाळा. दोन्ही बाजूंना क्लिप लावा. कॅप पहिल्या खाचेवर ठेवा, म्हणजे दाब बनणार नाही. पाणी लवकर उकळेल, म्हणून हीटर चालू ठेवून हळू चला आणि काट्यावर नजर ठेवा. हे पुढच्या गॅरेजपर्यंतच.

१८. आम्ही युरोपात राहतो, मागच्या इंजिनाची जुनी फोक्सवॅगन टी-३ आहे. हेच नियम का?

मापाचे आणि क्लिपांचे हेच. पण तिथे रेडिएटर पुढे आणि इंजिन पार मागे, म्हणून गाडीच्या पोटाखालून दोन लांब पाइप जातात आणि एकूण कूलंट १६ लिटरच्या वर लागतं. सुरुवातीच्या गाड्यांत ते लोखंडी होते, पुढे प्लास्टिकचे आले. प्लास्टिक पाइप मधे क्वचित जातो, जातो तो टोकाला: आत बसवलेली लोखंडी नळी गंजून फुगते, प्लास्टिक फाकतं आणि होज सुटतो. एक टोक गेलं म्हणून तेवढंच दुरुस्त केलं की दुसरं काही महिन्यांत जातं. त्या गाडीसाठी तयार स्टेनलेस संच मिळतात. घेताना टोकांना उंचवटा आहे का आणि मूळ ब्रॅकेटवर बसतो का, एवढं विचारा. हवा काढताना गाडीचं नाक उचला आणि रेडिएटरच्या वरचा स्क्रू उघडून, इंजिन सुमारे २००० फेऱ्यांवर ठेवून, तिथून फक्त कूलंट येईपर्यंत भरत राहा.